कातडं माझं, खोड तुमचं

"कातडं माझं, खोड तुमचं."

हे वाक्य आमचे शेजारी विमानतळावर इंग्रजीत म्हणत आणि घरी आल्यावर आम्हाला मराठीत सांगत. समोरचा प्रवासी चिडलेला आहे की रडकुंडीला आलेला आहे, यावर शब्द बदलत नसत. आवाज मात्र बदलायचा. सरकारी वर्दी अंगावर चढली की माणसाचा आवाज कसा होतो ते तुम्हीही कुठे ना कुठे ऐकलं असेल. यांचा उलटा होई, आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखा.

ह्यूस्टनच्या विमानतळावर, परदेशातून येणाऱ्यांच्या सामानात शेतीला किंवा जनावरांना धोका होईल असं काही आहे का, हे तपासण्याची त्यांची नोकरी होती. बॅगांमधून आंबे निघत, कढीपत्ता निघे, एकदा जिवंत कोंबडी निघाली होती. आणि अधूनमधून एखादा ढोल. ढोलाचं पान म्हणजे बहुधा न कमावलेलं, नुसतं वाळवलेलं कातडं. काही देशांमधून तसलं कातडं आणायला मनाई होती, कारण त्याबरोबर जनावरांचे रोग येतात. अख्खा ढोल जप्त करून भट्टीत पाठवणं हा सगळ्यात सोपा मार्ग. ते तसं करत नसत. पान कापून घेत, लाकडाला कीड नाही ना ते बघत आणि उघडंबोडकं खोड मालकाच्या हातात परत देत.

आमची ओळख ह्यूस्टनजवळच्या शुगर लँड गावातली. एकाच वेळी बांधलेली, एकाच विटांची दोन घरं, मधे लाकडी कुंपण. माझे यजमान तेल कंपनीत, मी अर्धवेळ गावातल्या लायब्ररीत. ते मूळचे वर्ध्याकडचे. नागपूरला पशुवैद्यकीची पदवी घेतलेले. अमेरिकेत जनावरांची प्रॅक्टिस करायची तर पुन्हा कैक परीक्षा, आणि घरात तान्हं मूल. म्हणून मिळाली ती सरकारी नोकरी त्यांनी धरली. आम्ही त्यांना डॉक्टर म्हणत असू. मराठी मंडळात मात्र खऱ्या डॉक्टरांची कमतरता नव्हती, त्यामुळे तिथे कुणी तरी हमखास म्हणे, "हे ढोरांचे डॉक्टर बरं का!" ते हसत. त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, हसत नसत.

त्यांना एक सवय होती. कुठेही काही ताणून बसवलेलं दिसलं की त्यावर अंगठा दाबून बघायचा. लॉनवरची कापडी खुर्ची, दिव्याची झुलती शेड, आमच्या मुलीच्या शाळेतला खेळण्यातला डफ. अंगठा दाबायचा, कान थोडा तिरका करायचा आणि मग नाकाजवळ नेऊन वास घ्यायचा. आमच्या मुली त्यांची नक्कल करत. "ड्रमकाका, व्हॉट डझ इट से?" असं त्या विचारत आणि ते गंभीरपणे सांगत, "हे म्हणतंय, मला प्लॅस्टिकचं केलंय."

पण ड्रमकाका हे नाव नंतर पडलं. ते का पडलं ते आधी सांगायला हवं.

एका दुपारी विमानतळावर एक नायजेरियन म्हातारे गृहस्थ आले. मुलगा ह्यूस्टनला इंजिनियर, त्याच्याकडे राहायला चालले होते. सामानात एकच कपड्यांची पेटी आणि एक ढोल. मधे बारीक, दोन्ही तोंडांना रुंद, आपल्या डमरूसारखा. पण हातभर लांब. तो काखेत धरायचा आणि आकड्यासारख्या वाकड्या काठीने वाजवायचा. दोन्ही पानांना जोडणाऱ्या दोऱ्या काखेत दाबल्या की सूर चढतो, सोडल्या की उतरतो. त्यांच्या भाषेत शब्दांचा अर्थ सुरावर ठरतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला ढोल काय बोलतोय ते कळतं. म्हाताऱ्यांचं घराणंच ढोलावर बोलणाऱ्यांचं. लग्नात, बारशात, मयतात माणसांची नावं आणि त्यांच्या वाडवडिलांची नावं ढोलावर घ्यायची, हा त्यांचा धंदा.

डॉक्टरांनी त्यांना नियम समजावला. म्हाताऱ्यांना थोडं इंग्रजी येत होतं. त्यांनी वाद घातला नाही. फक्त हात पुढे केला आणि डॉक्टरांच्या हातातली सुरी मागितली. नियमात बसत होतं की नाही कुणास ठाऊक, डॉक्टरांनी दिली. म्हाताऱ्यांनी ढोल मांडीवर घेतला, त्याला काहीतरी पुटपुटले आणि दोन्ही पानं स्वतःच्या हातांनी कापून काढली. सुरी पुसून परत दिली. "थँक यू" म्हणाले.

"परक्याच्या हातून नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं," डॉक्टर मला कुंपणापलीकडून सांगत होते. "मला दुपारचा डबा खाववेना. तसाच पळालो पार्किंग लॉटमध्ये. म्हटलं, खोड माझ्याकडे द्या, एका महिन्याने घरी न्यायला या."

"मग?"

"मग काय! आता बकरा आणायला पाहिजे."

तो बकरा म्हणजे त्याचं कातडं, गावाबाहेरच्या खाटकाकडून आलं. डॉक्टरांनी ते मुलांच्या निळ्या प्लॅस्टिकच्या पोहायच्या टबात चुन्याच्या पाण्यात भिजत घातलं. ऑगस्ट महिना होता. ह्यूस्टनकडचा ऑगस्ट ज्यांनी काढला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या घरातली अमेरिकन बाई माझ्या दारात येऊन फार अदबीने विचारू लागली, शेजारी कुणी गेलंय का, आणि पोलिसांना कळवायला हवं का. मी तिला चहाला बसवलं आणि खरं काय ते सांगितलं. ती डोळे विस्फारून म्हणाली, "फॉर अ ड्रम?" दुसऱ्या दिवशी स्वतःच टब बघायला गेली.

डॉक्टरांनी केस खरवडले, कातडं ताणून वाळवलं. पण त्या ढोलाच्या दोऱ्या कशा ओवतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यासाठी ते लायब्ररीत माझ्या टेबलापाशी आले. मी शोधून शोधून, दुसऱ्या गावांच्या लायब्रऱ्यांमधून मागवून, जगभरच्या वाद्यांची पुस्तकं आणली. ते मजकूर वाचत नसत. चित्रांवर भिंग धरून दोरी कुठून निघते आणि कुठे जाते तेवढंच बघत. एकदा म्हणाले, "सगळ्या जगाने एकच गोष्ट केलीय बघा. लाकूड पोखरायचं, तोंडावर कातडं ओढायचं आणि ते सैल पडू नये म्हणून आयुष्यभर धडपडायचं. गाठ तेवढी प्रत्येकाची निराळी."

पहिला प्रयत्न फसला. कातडं जाड पडलं. नायजेरियन आजोबा गराजमध्ये स्टुलावर बसले, काखेत ढोल दाबला, काठी मारली आणि मान हलवली. त्यांच्या मुलाने भाषांतर केलं, "वडील म्हणतात, ढोलाला सर्दी झालीय." दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी कोवळं पातळ कातडं मिळवलं. आजोबांनी वाजवलं. बराच वेळ वाजवलं. शेवटी मुलाला काहीतरी सांगून ते खदखदून हसले. मुलगा म्हणाला, "आता बोलतोय नीट. पण टेक्सासच्या लोकांसारखं बोलतोय म्हणे."

त्यानंतर त्या गराजमध्ये गाडी कधी उभी राहिली नाही. आयरिश पाद्र्याचा चाळणीसारखा चपटा ढोल आला. कोरियन नर्सबाईंचा, मधे कंबर असलेला, दोन्ही बाजूंना दोन निराळ्या जनावरांची पानं मागणारा ढोल आला. कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे पाचरी ठोकून ताणायचे ढोल आले. डॉक्टरांनी वरिष्ठांना विचारून घेतलं होतं. साहेब म्हणाला, घरी कर, वर्दी काढून कर आणि पैसे घेऊ नकोस. पैसे ते घेतच नसत. लोक जेवण आणून देत. वहिनींच्या फ्रिजमध्ये सात देशांचं जेवण असे आणि वहिनी ते आमच्याकडे पाठवत.

वहिनींना हे सगळं आवडत नव्हतं. गराजचं दार त्या बटण दाबून खाली आणायच्या. डॉक्टर उकडतं म्हणून वर करायचे. मला वाटायचं, वासाचा त्रास होत असेल. एकदा मी तसं बोलून दाखवलं. त्या भाजी चिरत होत्या. सुरी बाजूला ठेवली.

"वासाचं काय गं, वास मला माहेरापासून ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या दोघांच्याही घरी हेच काम. ढोल, डफ, ढोलकी, सगळ्यांची पानं चढवायची. यांच्या वडिलांनी यांना त्याला हात लावू दिला नाही. शिक म्हणाले. हाताला हा वास राहिला तर मारीन म्हणाले. शाळेत मास्तर यांना वेगळं बसवायचे. आणि आता इथे, एवढ्या लांब येऊन, हा माणूस आपल्या हौसेने..."

त्यांनी सुरी पुन्हा हातात घेतली.

"इथे मला कुणी विचारत नाही," वहिनी म्हणाल्या. "मंडळात आडनाव ऐकून थोडे घुटमळतात, मूळचे कुठले विचारतात, पण पुढे विचारायचा धीर होत नाही. मला तेवढंच पुरतं. बाकी या देशाचं मला काही नको होतं."

त्या वर्षी मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात होता. शनिवारी सकाळी आम्ही सगळे सजावटीला जमलो. आरती संध्याकाळी. मंडळाची एकच ढोलकी, कुणीतरी पुण्याहून आणलेली. ती उन्हाळाभर एका गृहस्थांच्या गाडीच्या डिकीत राहिली होती. बाहेर काढली तर डाव्या बाजूचं पान उभं फाटलेलं. अध्यक्ष, मोठे भूगर्भशास्त्रज्ञ, डोक्याला हात लावून बसले. कुणी म्हणालं कॅसेट लावू, कुणी म्हणालं टेबल बडवू.

डॉक्टर क्रेप कागदाच्या माळा लावत होते. ते शिडीवरून उतरले. फाटलेल्या पानावर अंगठा फिरवला. मग वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून. मी शेजारीच उभी होते, म्हणून मला दिसलं.

डॉक्टर म्हणाले, "मी येतो घरी जाऊन."

तासाभरात ते ओल्या टॉवेलात गुंडाळलेलं कातडं घेऊन आले. बाहेर पार्किंगच्या कडेला सिमेंटवर बसले. दोऱ्या सोडवल्या, कडं काढलं, जुनं पान कापून टाकलं. नवं कातडं कड्यावरून दुमडून चमच्याच्या दांड्याने आत खोचत गेले. आयरिश किंवा कोरियन ढोलावर काम करताना ते थांबून थांबून पुस्तकात बघत. इथे बघायची गरजच नव्हती. त्यांचे डोळे समोरच्या गाड्यांवर होते आणि हात आपले आपण चालले होते. दोरी ओवून झाल्यावर बूट काढला, खोडाला तळपाय लावला आणि पाठीमागे रेलून दोरी ओढली.

तोवर माणसं गोळा झाली होती. अध्यक्षांनी खऱ्या कौतुकाने विचारलं, "वा! हे कुठे शिकलात हो?"

"घरी."

"घरी म्हणजे?"

"वडील हेच करतात. आजोबाही हेच करायचे. आमच्या घरात हेच काम." डॉक्टरांनी दोरीची गाठ मारली आणि वर पाहिलं. "मला करू द्यायचे नाहीत. मी बघायचो."

आतून माइकची चाचणी चालली होती, हॅलो, हॅलो, वन टू थ्री. पूजा सांगणारे एक सर्जन होते, सज्जन माणूस, मुलांना स्तोत्रं शिकवायचे. ते जरा घसा साफ करून म्हणाले, "हरकत काहीच नाही. फक्त मूर्तीपुढे नेण्याआधी आपण जरा गंगाजल शिंपडून घेऊ. म्हणजे ओलं कातडं आहे, एवढंच."

डॉक्टरांनी मान खाली घातली. बोलल्या त्या वहिनी. त्या दारात, हातात दूर्वांचं ताट घेऊन उभ्या होत्या.

"शिंपडा ना. पण इतकी वर्षं जी ढोलकी वाजवत होतात, तिचं पान कुणी चढवलं होतं, ते विचारलं होतंत का?"

"वहिनी, मला तसं म्हणायचं नव्हतं."

"मग कसं म्हणायचं होतं?"

वहिनींनी ताट माझ्या हातात दिलं, बाहेर आल्या आणि रेशमी साडीनिशी त्या तापलेल्या सिमेंटवर नवऱ्याशेजारी बसल्या. दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं. "तुम्ही ओढा," त्या म्हणाल्या, "मी धरते." त्यांची पकड बघून मला कळलं की हे त्यांनीही लहानपणी कितीदा केलं असेल.

ढोलकी दिवसभर अध्यक्षांच्या गाडीच्या बॉनेटवर उन्हात होती. संध्याकाळी कुणीतरी ती डॉक्टरांपुढे धरली, तर ते मागे सरले. "मला वाजवता येत नाही." लोकांना ती नम्रता वाटली. नव्हती. त्यांना खरंच एकही वाद्य वाजवता येत नसे. आमच्या मुलींपेक्षा वाईट ताल धरत. "आमच्याकडे बनवायचं," ते मला नंतर म्हणाले. "वाजायला ते दुसऱ्यांच्या घरी जायचं." नागपूरकडच्या एका विद्यार्थ्याने वाजवली. गंगाजल शिंपडलं की नाही मला ठाऊक नाही. मी पाहिलं नाही आणि कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी आम्हाला पोह्यांना बोलावलं. पोहे होईपर्यंत डॉक्टर फोन लावत बसले होते. गावात फोन किराणा दुकानात, तिथून कुणी तरी पळत जाऊन वडिलांना आणायचं. परदेशात बोलायचं तर ओरडावं लागतं अशी वडिलांची खात्री होती, त्यामुळे त्यांचा प्रत्येक शब्द आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

"बाबा, मी ढोलकीचं पान चढवलं."

पलीकडे खरखर. आम्हाला वाटलं लाइन तुटली.

"कायले?" वडिलांनी विचारलं.

"गणपतीत फाटली होती. दुसरं कुणी नव्हतं."

पुन्हा खरखर. डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. लहानपणी मार खायच्या आधी मूल उभं राहतं तसे ते उभे होते. वहिनींनी गॅस बंद केला.

"बकरा का शेळी?" वडिलांचा आवाज आला.

"शेळी."

"वाळवली कशी? सावलीत ना?"

"उन्हात. संध्याकाळी आरती होती."

"उन्हात!" वडील एवढ्याने ओरडले की आमची धाकटी दचकली. "उतरंल ना ते लेका! दिवाळीलोक टिकत नाही. परत काढ. सावलीत वाळव, दोन दिवस हात लावू नको. दोरी कितीपदरी घेतली?"

आणि मग बापलेक दोरीवर बोलत राहिले. अमेरिकेतून भारतात बोलायला तेव्हा मिनिटाला किती पडायचे ते तुम्हाला आठवत असेल. डॉक्टर फोनची वायर बोटाला गुंडाळत, हो बाबा, हो बाबा म्हणत होते, आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांचा दुसरा हात मोकळा होता तरी त्यांनी पुसलं नाही.

पान दिवाळीच्या आधीच सैल झालं. वडिलांनी सांगितल्याप्रमाणे डॉक्टरांनी ते परत चढवलं.

दोन कुटुंबं त्यांच्याकडे यायची बंद झाली. मुलांच्या परीक्षा, लांबचा ड्राइव्ह, अशी कारणं होती. सर्जन भेटले की नमस्कार करत, चौकशी करत, घरी मात्र आले नाहीत. अध्यक्ष तेवढे त्याच आठवड्यात आपला जुना तबला घेऊन हजर झाले, आणि शाई बसवणं आपल्याला येत नाही हे डॉक्टरांनी सांगूनही तास दीड तास बसून गेले. वहिनी पूर्वीपेक्षा जास्त बोलू लागल्या. माझ्याशीच नव्हे, सगळ्यांशी. मूळचे कुठले असं कुणी विचारलं की त्या गावाच्या नावापाशी थांबत नसत. पुढचंही सांगत.

पुढल्या वर्षी त्यांची पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात बदली झाली. तिथे म्हणे जहाजांनी कातडी येत, भरपूर. डॉक्टर त्याच आनंदात होते. सामान भरायला आयरिश पाद्री आले, नायजेरियन इंजिनियर आला, कातड्याच्या वासाने घाबरलेली ती अमेरिकन बाई केक घेऊन आली. निघताना वहिनी मला मिठी मारून रडल्या. डॉक्टरांनी माझ्या यजमानांशी रस्त्यांच्या नंबरांबद्दल चर्चा केली आणि गाडी सुरू केली. सुरुवातीला फोन येत, मग दिवाळीचं कार्ड, मग तेही कमी झालं. अशा मैत्रीचं होतं तेच.

ते गेल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका दुपारी, त्यांच्या रिकाम्या घरापुढे एक गाडी थांबली. एक प्रौढ बाई उतरली. पेरूची होती, असं नंतर बोलण्यात कळलं. दोन्ही हातांत पोटाशी धरलेला मोठा ढोल, त्याचं एक तोंड उघडं. तिने घंटी वाजवली, थांबली, पुन्हा वाजवली. मी कुंपणाशी गेले आणि सांगितलं की ते आता इथे राहत नाहीत.

"विमानतळावर मला सांगितलं होतं, या पत्त्यावर जा," ती म्हणाली. "आता हे काम कोण करतं?"

मी म्हटलं, माझ्या माहितीत कुणी नाही. त्यांचा नवा पत्ता आणि नंबर लिहून दिला. पाणी दिलं, ते तिने उभ्यानेच प्यायलं. कितीतरी दूर आहे ते, ती म्हणाली. मी म्हटलं, हो, दूर आहे.

ती गाडीपाशी गेली. ढोल मागे टाकेल असं मला वाटलं. तिने पुढचं दार उघडलं, तो शेजारच्या सीटवर बसवला, उघडं तोंड वर येईल असा वळवला आणि पट्टा ओढून लावला. मग खटका नीट बसलाय ना ते एकदा खेचून बघितलं आणि निघून गेली.